उभ्याने काढलेला फोटो

शेवटचा साधा दिवस रविवार होता. तो इतका साधा होता, की पुढे तिने कितीही आठवायचा प्रयत्न केला तरी त्यातलं मोजकंच हाताला लागलं. ती नेहमीच्या बसने आली, नेहमीप्रमाणे अर्धा तास उशिरा. बाबा खिडकीजवळच्या आरामखुर्चीत होते. मांडीवर शालीची घडी, घडीवर चष्मा, आणि तोच चष्मा कुठे गेला म्हणून ते उशीखाली चाचपत होते.

"मांडीवर आहे," ती म्हणाली.

"मला माहीत आहे. तुला दिसतो का ते बघत होतो."

तिने आठवड्याच्या गोळ्या डबीच्या कप्प्यांत लावल्या, चादरी बदलल्या, भाजी चिरून ठेवली. तेवढ्या वेळात बाबांनी तीन वेळा सांगितलं की कामं पुरे, नुसती बस. चौथ्यांदा ती खरंच बसली, तेव्हा म्हणाले, "बसलीच आहेस तर ऊठ जरा, आणि टाकी कितीवर आहे ते सांग."

ती खिडकीशी उभी राहिली. समोर बेकरीवाल्याचं नवं घर, त्याचं लाल पत्र्याचं छप्पर, आणि छपराच्या वर, पलीकडच्या टेकाडावर, गावाची पाण्याची टाकी.

"साडेसात."

"नीट बघ. साडेसात, की सातच्या जरा पुढे?"

"साडेसात आहे, बाबा. दिवसभर लोकांचे स्वल्पविराम मोजून पोट भरते मी. मला साडेसात कळतं."

"मग ठीक." त्यांनी डोळे मिटले. "रविवारी सगळं गाव एकदम अंघोळीला बसतं. तरी साडेसात म्हणजे टाकीवरच्या बाईने पहाटेच पंप लावलाय. शहाणी आहे."

संध्याकाळच्या बसने ती परत गेली. पोचल्यावर फोन केला. "पोचले." "बरं. दार नीट लाव." एवढंच. सोमवारी सकाळी बेकरीवाला रोजच्यासारखा पाव द्यायला आत गेला, तेव्हा बाबा खुर्चीतच होते. शेजारी चहाचा कप रिकामा होता. "चहा घेऊन मग गेले, ताई," तो फोनवर म्हणाला. हे ऐकून तिला थोडं बरं वाटावं असा त्याचा हेतू असावा, आणि तेवढ्यापुरतं वाटलंही.

बाबांनी त्या टाकीवर एकतीस वर्षं काम केलं होतं. पंप लावायचा, व्हॉल्व्ह फिरवायचे, गावाच्या कुठल्या भागाला किती वाजता पाणी सोडायचं ते बघायचं. टाकीच्या अंगावर बाहेरून एक उभी पांढरी पाटी बसवलेली होती. तिच्यावर काळे आकडे आणि एक लाल काटा. टाकीच्या आत एक पोकळ गोळा पाण्यावर तरंगायचा. त्याला बांधलेली तार वरच्या चाकावरून बाहेर यायची आणि तिच्या टोकाला हा काटा लटकायचा. आत गोळा वर चढला की बाहेर काटा खाली यायचा. म्हणून पाटीवरचे आकडे उलटे होते, शून्य वर आणि दहा तळाला. नवखा माणूस हमखास फसायचा. लहानपणी तीही फसली होती, काटा तळाला बघून "पाणी संपलं" म्हणत घरभर धावली होती. तेव्हा बाबांनी समजावलं होतं, "काटा माणसासारखा आहे. पोट भरलं की खाली बसतो, रिकामं झालं की उठून फिरायला लागतो."

ते निवृत्त झाले, पण टाकी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेली एक बाई आता तिथे मुख्य होती. रोज सकाळी साडेसहाला बाबा तिला फोन करायचे.

"सहा आहे. शाळेच्या बाजूचं पाणी सुटायच्या आत पंप लाव."

"गुरुजी, माझ्यासमोर स्क्रीन आहे. दशांशात आकडा दाखवते."

"दाखवू दे. तिलाही सांग, मी सहा म्हणतोय."

बाई हसायची आणि पंप लावायची. मग एकदा काय झालं, स्क्रीन अडली. रात्रभर सात दाखवत बसली आणि इकडे काटा वर वर सरकत दोनला टेकला. उजाडता उजाडता बाबांनी पाहिलं आणि बाईला झोपेतून उठवलं. त्या दिवशी गावाला पाणी मिळालं ते या खिडकीमुळे, हे गावाला कळलं नाही, बाईला कळलं. तेव्हापासून फोन वाजला की ती आधी बाबांचं ऐकायची, मग स्क्रीनकडे बघायची.

दोन वर्षांपूर्वी बाबांची छाती बिघडली. चार पावलं टाकली की दम लागायचा, उभं राहिलं की ओठ निळसर व्हायचे. डॉक्टरांनी आरामखुर्ची सांगितली, पाठ मागे, मान उशीवर. खुर्ची खिडकीला लावली, आणि बाबांनी पहिल्याच दिवशी तिची जागा चार वेळा हलवायला लावली, पाटी नीट दिसेपर्यंत. इतर सगळं त्यांनी सोडून दिलं होतं, बाजार, फिरणं, मित्रांकडे जाणं. सकाळचा फोन तेवढा सोडला नव्हता.

अशात समोरचा मोकळा तुकडा बेकरीवाल्याने घेतला.

गावाचा एक नियम होता. नवं घर बांधायचं तर परवानगीच्या आधी जागेच्या चारही कोपऱ्यांवर बांबू उभे करायचे आणि छप्पर जिथवर जाणार त्या उंचीवर दोरी बांधायची. चौदा दिवस ती तशी ठेवायची. शेजाऱ्यांनी आपापल्या घरातून बघायचं, आपलं ऊन जातंय का, वारा जातोय का, दिसणं जातंय का. जात असेल तर हरकत घ्यायची. कागदावरचा नकाशा सगळ्यांना कळत नाही, दोरी कळते.

दोरी बांधून बेकरीवाला स्वतः आला, हातात गरम पाव. गुबगुबीत, सदा पिठाळलेला माणूस.

"काका, दोरी तुमच्या टाकीच्या वाटेत येतेय का बघा. येत असेल तर हरकत घ्या. मनात राग धरू नका, कागदावर धरा."

"आणि तुमचं घर अडलं तर?"

"अडणार नाही हो. कोणीच हरकत घेतली नाही तर समितीला वाटतं, नकाशात काहीतरी लबाडी आहे. निदान एक तरी हवी. परकी येण्यापेक्षा तुमची आलेली बरी."

बाबा खूप दिवसांनी खळखळून हसले, आणि मग पाच मिनिटं खोकत राहिले.

दोरी बांधल्यानंतरच्या रविवारी ती आली तेव्हा हरकतीचा अर्ज टेबलावर तयार होता. अक्षर थरथरतं होतं, पण मजकूर चोख. 'बाधित होणाऱ्या दृश्याचं वर्णन' या रकान्यात बाबांनी लिहिलं होतं: पाण्याची पातळी.

"बाबा, इथे डोंगर, आकाश, असं काहीतरी लिहितात."

"डोंगर आहे की मागे. पण तो काही काम करत नाही."

शेवटी एक फोटो जोडायचा होता. तो तिने काढायचा, असं ठरलेलं होतं. रकान्याखाली बारीक टाइपात सूचना होती: अर्जदार ज्या जागेवरून नेहमी पाहतो, त्याच जागेवरून आणि त्याच उंचीवरून फोटो काढावा.

ती शालेय पुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासायची. बारीक टाइप वाचणं हे तिचं कामच होतं, आणि ती सूचना तिने दोनदा वाचली.

बाबा तेव्हा आत, पलंगावर पडले होते. खुर्ची रिकामी होती. खुर्चीखाली शाल पडली होती ती उचलायला ती वाकली, आणि उठताना, खुर्चीच्या हाताशी डोळे आले असताना, तिने सहज खिडकीबाहेर पाहिलं. दोरी पाटीच्या बरोबर मधून गेली होती, पाचच्या आकड्यावरून. वरचे शून्य ते पाच दिसत होते, खालचे सहा ते दहा नाहीत. टाकी पाचच्या खाली क्वचितच उतरू देत. म्हणजे या खुर्चीतून काटा जवळपास कधीच दिसणार नव्हता.

ती सरळ उभी राहिली. उभ्याने पाहिलं तर दोरी खूप खाली होती. अख्खी पाटी दिसत होती, तिच्या खालचे टाकीचे खांबही थोडे दिसत होते. छान ऊन पडलं होतं. तिने फोटो काढला.

तिने तो का काढला, हे तिने पुढे स्वतःला बऱ्याच प्रकारे सांगून पाहिलं. फोटो उभ्यानेच काढतात. घाई होती, बस चुकली असती. बेकरीवाला भला माणूस आहे, त्याच्या घरात कशाला कोलदांडा घालायचा. यातलं प्रत्येक कारण खरं होतं आणि एकही पुरेसं नव्हतं. दर रविवारी तीन तास येणं आणि तीन तास जाणं यांनी ती थकली होती. तिच्या फ्लॅटमध्ये एक खोली वर्षभर तयार होती, पलंग, दिवा, न्हाणीघरात धरायला दांडी, सगळं बसवून. विषय निघाला की बाबा विचारायचे, "तुझ्या खिडकीतून काय दिसतं?"

"समोरच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप."

"वाहतात का?"

"वाहत असतील."

"मग पाणी आहे म्हणायचं," असं म्हणून ते विषय संपवायचे. या घरात त्यांना धरून ठेवणारं आता एवढंच होतं, ती पाटी आणि तो काटा. ते नसतं, तर ते आले असते. असं तिने त्या क्षणी ठरवलं नव्हतं. पण ते तिला ठाऊक होतं, आणि तरी ती खाली बसली नाही.

फोटो छापून आणला तेव्हा बाबांनी तो चष्मा पुसून पाहिला.

"छान आलाय. खांबसुद्धा दिसतायत," ते म्हणाले. मग जरा थांबून, "या खुर्चीतून मला खांब कधी दिसले नव्हते." आणि त्यांनी तो पाकिटात घातला. त्यावर ती काहीच बोलली नाही. बोलायला तेव्हा वेळही होता आणि जागाही.

सुनावणी नगररचना कार्यालयात होती, तळमजल्यावर, लांब टेबल आणि कुरकुरणारा पंखा असलेल्या खोलीत. तिघांची समिती, आणि भिंतीशी बाकावर बेकरीवाला. अध्यक्षबाईंनी बाबांना आधी पाणी विचारलं, मग धाप बसेपर्यंत थांबल्या.

"काका, तुमचा अर्ज आम्ही वाचला. टाकी दिसणं तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे, ते कळलं. टाकीवरच्या बाईंनीही तसं पत्र दिलंय. पण हा फोटो..." त्यांनी तो टेबलावरून पुढे सरकवला. "यात तर दोरीच्या वर पाटी अख्खी दिसतेय. फोटो कुणी काढला?"

"मुलीने," बाबा म्हणाले. "ती पुस्तकं तपासते. तिचं काम चोख असतं."

ती त्यांच्या शेजारीच बसली होती. बाबांनी फोटो मांडीवर घेतला आणि बराच वेळ पाहिला. आता सांगतील, असं तिला वाटलं. मी बसून बघतो, असं म्हणतील. तीन शब्दांचं काम होतं. ती मान खाली घालून वाट बघत राहिली, आणि ते बोलले तर आपण लगेच दुजोरा देऊ, असंही तिने ठरवून टाकलं.

"हो," बाबा म्हणाले. "यात दिसतेय."

"मग हरकत उरत नाही ना?"

"तुम्ही म्हणता, तर नाही."

परतताना गाडीत ते एवढंच बोलले, "ती बाई चांगली होती. पाणी विचारलं."

घर सहा महिन्यांत उभं राहिलं. दोरीच्या जागी छप्पर आलं, आणि दोरीखाली निदान मोकळं आकाश होतं तेही गेलं. टाकीवरच्या बाईने बाबांच्या खुर्चीखाली लाकडी ठोकळे घालून पाहिले. दोन दिवस काटा दिसला. तिसऱ्या दिवशी उतरताना बाबा घसरले, कोपर फुटलं, आणि ठोकळे निघाले. मग फोनची दिशा उलटली. रोज साडेसहाला बाईच त्यांना फोन करून आकडा सांगू लागली. बाबा ऐकून घ्यायचे, "बरं, बरं," म्हणायचे. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आणि तरी ते तिच्याकडे आले नाहीत. तिने पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "अगं, बरंच आहे हे. काटा दिसत नाही म्हणजे टाकी पाचच्या वर आहे. न दिसण्यातच बातमी आहे." रविवारी ती आली की तेवढं विचारायचे, बघ गं जरा, कितीवर आहे. ती उभी राहून सांगायची. वर्षभर, दर रविवारी, ती त्या एकाच जागी उभी राहिली आणि आकडा सोडून दुसरं काही बोलली नाही.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी ती घर आवरायला आली. कपडे बांधून झाले होते, औषधं परत द्यायची एका पिशवीत होती. आरामखुर्ची एकटीला हलेना. बेकरीवाल्याने खिडकीतून पाहिलं असावं, तो विचारायच्या आतच आला. हात झटकले, पण पीठ गेलं नाही.

"कुठे ठेवायची, ताई?"

"तुम्हाला हवी तर घेऊन जा."

"घेईन की. पण बसणार नाही कोणी तिच्यात. माझ्याकडे सगळे उभ्यानेच जेवतात." तो खुर्चीची मागची बाजू धरून उभा राहिला, उचलली मात्र नाही. "एक सांगायचं राहिलं होतं. काका होते तेव्हा सांगायला जीभ रेटेना. तुमचे आभार मानायचे होते."

"कशाचे?"

"त्या फोटोचे. दुसरी कोणी असती तर जमिनीवर लोळण घेऊन काढला असता, टाकी गायब करून टाकली असती. बापासाठी कोण नाही करत. सुनावणीनंतर मी काकांना म्हटलंसुद्धा, की काका, तुमची मुलगी तुमच्याच विरुद्ध साक्ष देऊन गेली. तर म्हणाले, तिला खोटं जमत नाही, तिचा धंदाच तसा आहे. किती अभिमान होता हो त्यांना."

ती खिडकीच्या चौकटीला टेकून उभी होती. तो अजून बोलतच होता.

"आणि खरं सांगू का, सुनावणीला मी तयारीत गेलो होतो. नकाशावाल्याकडून दुसरा नकाशा काढून घेतला होता, छप्पर दोन फूट खाली. म्हटलं, समितीने एकदा जरी विचारलं की जरा खाली घेता का, तर तो टेबलावर ठेवायचा आणि मोकळं व्हायचं. माळा थोडा बुटका झाला असता, मुलींना वाकून चालावं लागलं असतं, एवढंच. पण फोटोत सगळं स्वच्छ दिसत होतं. कोणी विचारलंच नाही. मग मी पण म्हटलं, काकांना दिसतंय ना, झालं तर."

"दोन फूट," ती म्हणाली.

"दोन. एकसुद्धा पुरला असता म्हणा. पण गरजच नव्हती." तो खुर्ची उचलायला वाकला. "धरता का पुढून? जड नाही, अवघड आहे नुसती."

तिने पुढून धरली नाही. तो वाकलेलाच तिच्याकडे बघत राहिला.

"ठेवा ती खाली," ती म्हणाली. "आणि बसा तिच्यात."

"मी?"

"बसा. मागे टेका. मान उशीवर."

तो अवघडून बसला. खुर्ची करकरली. त्याने खिडकीबाहेर पाहिलं, आपलंच लाल छप्पर पाहिलं, त्यावरून टाकीचा घुमट आणि पाटीचा वरचा तुकडा. मान उंचावली, पुन्हा टेकली. हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं, काय करावं हे न कळून.

"काटा कुठे आहे?" त्याने विचारलं.

"तुमच्या छपरामागे. छाती बिघडल्यापासून बाबांनी टाकी पाहिली ती इथूनच, तुम्ही आता बसलात त्या उंचीवरून. उभे राहून कधीच नाही, त्यांना उभं राहवत नव्हतं." तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं तिलाच नवल वाटलं. "अर्जावर लिहिलेलं होतं, नेहमीच्या जागेवरून, नेहमीच्या उंचीवरून. मी ते वाचलं होतं. इथे वाकून पाहिलंही होतं. दोरी पाचवर येत होती. मग मी उभी राहिले आणि फोटो काढला. मला खोटं जमतं. बाबांना माझ्या घरी न्यायचं होतं मला, म्हणून मी त्यांची टाकी काढून घेतली, आणि त्यांनी ते ओळखलं तरी मी गप्प बसले."